एबीएस युनिट बदलल्यानंतर ब्रेकमधली हवा: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

एबीएसचा (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा पेटला तो विझायचं नाव नाही. ब्रेक लागतात, पेडल ठीक आहे, पण जोरात दाबलं की चाक सरळ जाम होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा मित्राचा स्कॅनर लावला. बिघाडाचा एकच कोड, एबीएसच्या पंपाच्या मोटरचा.

कोडमध्ये मोटरचं नाव आलं म्हणून मोटरच गेली असं धरून चालत नाही. ४० अँपिअरचा फ्यूज शाबूत. कनेक्टर काढून पाहिलं, पॉझिटिव्हला बॅटरीइतकेच व्होल्ट. अर्थिंग नुसत्या मीटरवर तपासण्यात अर्थ नसतो. जाडजूड तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर सगळं ठीक म्हणतो. म्हणून हेडलाइटचा बल्ब भार म्हणून मध्ये लावला. लख्ख पेटला. म्हणजे वीज पोचते आहे, मोटर फिरत नाही. मोटरला थेट बॅटरी देऊन पाहिली, तरी ढिम्म.

चारही चाकांचे सेन्सर स्कॅनरवर पाहिले, हाताने चाक फिरवलं की आकडा येतो. सेन्सरला हात लावायचा नाही.

म्हणजे पंप, मोटर आणि व्हॉल्व्ह एकत्र असलेलं एबीएसचं युनिटच बदलायचं. ते काढायच्या आधी एक काम: पेडलची चाल मोजून ठेवणे. इंजिन बंद, पेडल मारून मारून बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणारा) व्हॅक्यूम संपवला, स्टिअरिंगच्या खालच्या कडेपासून पेडलपर्यंत स्टीलची पट्टी धरली. दाब दर वेळी सारखा राहावा म्हणून पाय भाच्याचाच. सुटलेल्या पेडलपासून घट्ट लागेपर्यंत ५८ मिमी. पुढे वाद हा आकडाच मिटवेल. "मऊ लागतंय" आणि "बरं लागतंय" यावर माझा विश्वास नाही, रात्री थकल्यावर सगळंच बरं लागतं.

५ नोव्हेंबर

सामान आलं. युनिट वापरलेलं आहे, दुसऱ्या गाडीतून काढलेलं. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवला. बाहेरून सारखं दिसणारं युनिट आतल्या प्रोग्रॅमने वेगळं असू शकतं. सहाही भोकांना बुचं आहेत आणि एक बूच काढल्यावर आतलं ऑइल स्वच्छ निघालं, हे पाहूनच घेतलं. भोकं उघडी ठेवलेलं युनिट फुकट दिलं तरी नको. आत धूळ किंवा गंज गेला तर इतक्या बारीक व्हॉल्व्हमधून तो बाहेर येत नाही.

नवं युनिट बहुतेक वेळा कारखान्यातून ऑइल भरून येतं, त्यात हवेची कटकट कमी. हे मात्र अर्धं रिकामं आहे. हलवलं की आत डुचमळतं. म्हणजे हवा कुठे आहे याचा शोध आत्तापासूनच सुरू.

मागचे दोन लोखंडी पाइप गंजलेले, तेही बदलतो आहे. मागची चाक-सिलिंडरंही ओलसर दिसली, म्हणून नवी.

ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद डबे. टाकीच्या झाकणावर तेच लिहिलं आहे. डॉट ४ कोरं असताना २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळायला नको, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा अर्धा डबा कपाटात आहे तो तिथेच राहू दे. डॉट ५ हा आकडा मोठा म्हणून चांगला असं समजणारे भेटतात. ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही आणि बारीक बुडबुडे धरून ठेवतं. एबीएसच्या गाडीत त्याला जागा नाही. डॉट ५.१ वेगळं, ते याच ग्लायकॉलच्या कुळातलं.

९ नोव्हेंबर

दिवसभराचं काम, पण सरळ.

पाइप सोडले की टाकीतलं ऑइल धो धो वाहत राहतं आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पाइपांत ढकलतो तो) रिकामा होतो. त्यावर जुना उपाय: पेडल थोडंसं, साधारण दोन-तीन सेंटिमीटर, दाबलेल्या अवस्थेत काठीने सीटला टेकवून ठेवायचं. मास्टर सिलिंडरमधलं सील टाकीकडून येणाऱ्या भोकाच्या पुढे सरकतं आणि वाट बंद होते. गळती थेंबांवर आली. ब्रेकचा दिवा पेटून राहतो म्हणून बॅटरीची तार आधीच काढलेली.

नटांना साधा पाना लावला नाही. पाइपवरून घालता येतो असा कापलेला रिंग पानाच. हे नट मऊ असतात, कोपरे एकदा गोल झाले की पकड लावून पाइपच पिळला जातो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी मागच्या डाव्या पाइपचा नट पाइपला चिकटलेलाच निघाला. पाइप तसाही जाणार होता, कापला.

सहा पाइप: दोन मास्टर सिलिंडरकडून येणारे, चार चाकांकडे जाणारे. प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव, शिवाय फोटो. इथे अदलाबदल झाली तर साधा ब्रेक अगदी छान लागेल, पेडलवर काहीच कळणार नाही. मात्र एबीएस लागायच्या वेळी जे चाक घसरतं आहे ते सोडून भलत्याच चाकाचा दाब काढला जाईल. म्हणून पाइप जोडल्यावर पुन्हा एकदा वेगळी तपासणी लागेल, ती स्कॅनर आल्यावर.

नव्या युनिटची बुचं एकेक करून काढली, एक काढायचं, तो पाइप हाताने आटे धरेपर्यंत बसवायचा, मग दुसरं. पहिले आटे बोटांनीच फिरवायचे, पाना नंतर. ॲल्युमिनिअमच्या अंगात लोखंडी नट वाकडा घुसला तर युनिटच गेलं. शेवटी मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क पान्याने घट्ट.

ऑइल सांडलं तिथे लगेच भरपूर पाणी. रंग उडवायला या ऑइलला फार वेळ लागत नाही. कनेक्टर तेवढा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता.

मागची ड्रम उघडायला शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) आत घ्यावे लागले. सिलिंडर बदलल्यावर शू अंदाजे बाहेर आणून ठेवले आहेत, नेमकं नंतर.

१० नोव्हेंबर

हाताने ब्लीडिंग, म्हणजे पाइपांतली हवा ऑइलबरोबर बाहेर काढणं. भाचा पेडलवर, मी चाकाशी. पारदर्शक नळी निपलवर (चाकाजवळच्या हवा काढायच्या पोकळ स्क्रूवर), दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा टाकला आहे, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचं सील नळकांड्याच्या पुढच्या भागापर्यंत कधी जातच नाही. तिथे वर्षानुवर्षं गाळ आणि गंज बसलेला असतो. ब्लीडिंगच्या नादात पेडल पार खाली दाबलं की सील त्यावरून घासत जातं, आणि मग चांगला चाललेला मास्टर सिलिंडर दुसऱ्या दिवसापासून गळतो. लोक दोष नव्या युनिटला देतात.

क्रम मॅन्युअलमधला: मागचं उजवं, पुढचं डावं, मागचं डावं, पुढचं उजवं. सर्किट कर्णरेषेत वाटलेलं आहे, एका सर्किटवर तिरकी दोन चाकं, म्हणून असा. "सगळ्यात लांबचं आधी" हा नियम पुष्कळ गाड्यांना चालतो, पण सगळ्यांना नाही.

"दाब. धर." निपल पाव फेरा उघड, ऑइल येतं, निपल बंद. "सोड." सोडताना सावकाश. भराभर पेडल मारलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो, आणि फेस लवकर बाहेर येत नाही. भाच्याने दोनदा विचारलं, "मामा, एवढं हळू कशाला?" त्याला नळीतला फेस दाखवला, मग प्रश्न बंद.

टाकीची पातळी सतत बघत राहिलो. किमान रेषेच्या खाली गेली की सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळपर्यंत चारही नळ्यांतून स्वच्छ, अखंड धार. एकही बुडबुडा नाही. मोजलं: ७२ मिमी.

११ नोव्हेंबर

१४ मिमी जास्त म्हणजे किती हवा? मास्टर सिलिंडरच्या अंगावर २२.२ मिमी कोरलेलं आहे. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ ३.८७ चौरस सेंटिमीटर. एक मिलिलिटर भरून काढायला पिस्टन २.६ मिमी सरकतो. पेडलचा तरफ मोजला, चारास एक. म्हणजे एका मिलिलिटरमागे पेडल सुमारे १० मिमी जास्त खाली. ५० बार दाबाखाली हवा मूळ आकारमानाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास येते, तेव्हा तिची जवळजवळ सगळी जागा पेडललाच भरावी लागते. हिशेबाने कुठेतरी दीडेक मिलिलिटरची पोकळी आहे. हवा असेल किंवा ड्रममधली ढिलाई असेल, पेडलला फरक कळत नाही.

कुठे आहे ते शोधायला रबरी होज चिमटवले, गोल जबड्यांच्या चिमट्यांनी आणि गरजेपुरतेच. चारही बंद केले तर पेडल दगडासारखं व्हायला हवं होतं. ते आधी थोडं खाली जातं, मग घट्ट होतं. म्हणजे काही हवा मास्टर सिलिंडर आणि होज यांच्या मधे, आणि तिथे बदललेलं म्हणजे युनिट आणि मागचे दोन पाइप. पाइपांतून अखंड धार आली आहे, उरलं युनिट. पुढचे दोन सोडले, फारसा फरक नाही. मागचे सोडले तेव्हा पुन्हा थोडी चाल वाढली. ती ड्रमची.

युनिटमध्ये काय होतं ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या कामाचा सगळा खेळ यावर आहे. दर चाकाला दोन व्हॉल्व्ह. इनलेट नेहमी उघडा, आउटलेट नेहमी बंद. चार चाकं, आठ व्हॉल्व्ह. साधा ब्रेक लावला की ऑइल उघड्या इनलेटमधून सरळ चाकाकडे. चाक जाम व्हायला लागलं की इनलेट बंद होतो, तेवढ्याने भागलं नाही तर आउटलेट उघडतो आणि चाकाकडचं ऑइल स्प्रिंगवाल्या छोट्या साठवण-कप्प्यात जातं. तिथून पंप ते ओढून परत मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. पायाला जी थरथर लागते ती याचीच. १९७८ साली बॉशने मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लाससाठी आणलेल्या एबीएसमध्येही ऑइल परत ढकलणारा पंप होताच.

आता हवा. पंपापुढच्या पोकळीत अडकलेली हवा पेडलच्या दाबात येते, पण त्या पोकळीतून वाहतं ऑइल जात नाही, म्हणून निपलमधून ती कधी बाहेर येत नाही. ती आत्ता पेडलला जाणवते आहे. बंद आउटलेटच्या मागे, साठवण-कप्प्यात आणि पंपात जी हवा आहे ती त्याहून लबाड. पेडलचा दाब तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे पेडल उत्तम घट्ट लागू शकतं, नळीत बुडबुडा दिसणार नाही, आणि पावसात पहिल्यांदा एबीएस लागलं की पंप ती सगळी हवा ब्रेकच्या सर्किटमध्ये फेकेल. पेडल नेमकं तेव्हा खाली जाईल.

म्हणून मला सध्याच्या ७२ ची चिंता कमी आहे. ७२ च्या जागी ५८ आलं असतं तरी गाडी रस्त्यावर नेली नसती.

व्हॅक्यूम पंपाने निपलमधून ओढून घ्यायचा सल्ला मिळाला. निपल सैल केला की त्याच्या आट्यांतूनच बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपता संपत नाहीत. आट्यांना ग्रीस लावून भागतं म्हणतात. पण मूळ मुद्दा तसाच राहतो: बंद आउटलेट व्हॅक्यूमनेही उघडत नाही.

स्कॅनर शनिवारी पुन्हा मिळेल. तोवर गाडी स्टँडवर.

१२ नोव्हेंबर

वेळ होता म्हणून जुन्या युनिटची मोटर उघडली. एक ब्रश पार झिजलेला, आत काळी भुकटी. रोगनिदान बरोबर होतं. नट कुठे ओलसर झाले आहेत का ते कागदी रुमालाने पुसून पाहिलं. सगळे कोरडे.

१५ नोव्हेंबर

स्कॅनर आला. आधी बॅटरीला चार्जर. पंपाची मोटर चांगलीच वीज खाते. मधेच व्होल्टेज पडलं तर प्रोग्रॅम अर्ध्यावर थांबतो, आणि कोणत्या व्हॉल्व्हपाशी थांबला ते कोण सांगणार.

टाकीवर दाबाची बाटली लावली, १ बार. त्याहून जास्त दाबाची हाव नको, टाकीचं प्लॅस्टिक आणि झाकणाचं रबर त्यासाठी केलेलं नाही. आता भाच्याला पेडल फक्त स्कॅनर सांगेल तेव्हा दाबायचं.

मेन्यूत "एबीएस ब्लीडिंग" निवडलं. पुढचं डावं: निपल उघडा, पेडल दाबा, ओके. युनिटमधून आधी टक, टक, मग गुरगुर. पेडल भाच्याच्या पायाखाली थरथरलं. नळीतली धार स्वच्छच होती. क्षणभर काही नाही, आणि मग एकदम पांढरट दुधाळ ऑइल, पुरतं वीतभर लांब. त्यामागे दोन मोठे बुडबुडे. पाच दिवसांपूर्वी याच नळीतून अखंड धार येत होती.

चारही चाकांना एक फेरी. मोटर तापते म्हणून मधे थांबावं लागतं, स्कॅनर स्वतःच थांबवतो. तो म्हणेल तेवढं थांबलो.

निपल बंद करून मोजलं: ९१ मिमी.

भाचा घाबरला. "मामा, हे तर बिघडलं!" बिघडलं नाही, हेच हवं होतं. कप्प्यांत लपलेली हवा आता मुख्य पाइपांत आली आहे, म्हणजे पायाच्या आवाक्यात. आता साधं ब्लीडिंग, त्याच क्रमाने, प्रत्येक निपलमधून धार साफ होईपर्यंत. कॅलिपरवर लाकडी हातोडीने हलके ठोके मारले, भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटतात. ७४.

पुन्हा स्कॅनर, पुन्हा साधं. या वेळी दुधाळ पट्टा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नव्हता. शेवटच्या फेरीत स्कॅनरने पंप फिरवला तरी धार जशीच्या तशी. तिथे थांबलो. ६६.

मग पाइपांची तपासणी. भाच्याने ब्रेक दाबून धरला, उचललेलं पुढचं डावं चाक मी ओढून पाहिलं, जाम. स्कॅनरवरून त्याच चाकाचा इनलेट बंद, आउटलेट उघडा. चाक सुटलं, बाकीची तीन जाम. असं चारही चाकांचं एकेक करून. जे नाव स्क्रीनवर, तेच चाक सुटलं. पाइप आपापल्या जागी आहेत. चाचणीत साठवण-कप्प्यात गेलेलं ऑइल पंपाने परत ढकललं, तशी आज्ञा मेन्यूत असते, ती विसरायची नाही.

या युनिटला गाडीची माहिती नव्याने द्यायची गरज पडली नाही, पार्ट नंबर आणि कोडिंग दोन्ही जुळलेलं होतं. स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत व्हॉल्व्ह बारा असतात, आणि स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला शून्य शिकवणं वगैरे आणखी कामं लागतात. इथे ते नाही.

१६ नोव्हेंबर

उरलेले ८ मिमी ड्रमचे. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल केली. केबल ताणलेली असेल तर शू मूळ जागेवर परत येत नाहीत आणि ॲडजस्टर आपलं काम करत नाही. पुष्कळ जण इथे उलटं करतात, ढिलाई हँडब्रेकच्या केबलने भरून काढतात आणि मग पेडल वर का येत नाही म्हणून पुन्हा हवा काढत बसतात.

ॲडजस्टरचं दात्यांचं चाक स्क्रूड्रायव्हरने फिरवत शू ड्रमला हलके घासेपर्यंत आणले, मग थोडे मागे. पेडल दाबून शू मध्यावर बसू दिले, पुन्हा तपासलं. दोन्ही बाजू सारख्या. केबल शेवटी ताणली.

५७ मिमी. काम सुरू करण्याआधीपेक्षा एकाने कमी, जुने शू आपोआप नीट जुळत नव्हते बहुतेक.

पेडल जोरात दाबून धरून ठेवलं, हळूहळू खाली बसत नाही. बसलं असतं तर मास्टर सिलिंडर किंवा युनिटचा एखादा आउटलेट आतून गळतो आहे असं समजायचं. दाबलेलं ठेवून इंजिन चालू केलं, पेडल थोडं खाली गेलं, म्हणजे बूस्टरही ठीक.

१८ नोव्हेंबर

मोकळा, वर्दळ नसलेला पट्टा. आधी चालण्याच्या वेगाने, हात हँडब्रेकवर. मग हळूहळू वाढवत. निघाल्यावर थोड्याच अंतरात पुढून एक छोटी गुरगुर आली, युनिट स्वतःची चाचणी घेतं ती. दिवा विझलेला.

३० किमी वेगाने खडीवर जोरात ब्रेक. पायाला थरथर, चाकं फिरत राहिली, गाडी सरळ. असं काही वेळा केलं, मधे अंतर ठेवून. मुद्दाम केलं: आत काही उरलं असेल तर ते आत्ता, माझ्या समोर बाहेर येऊ दे. स्कॅनर नसेल तर काही लोक हवा काढायला हीच युक्ती वापरतात. पेडल आधीच भरवशाचं असेल तरच ती करावी.

घरी आल्यावर मोजलं, ६० मिमी. म्हणजे थोडी होतीच. चारही निपल पुन्हा उघडले. तीन स्वच्छ. पुढच्या डाव्यातून मोहरीएवढा एक बुडबुडा आणि मागे बारीक फेसाची रेघ. त्याच चाकातून त्या दिवशी सगळ्यात जास्त निघालं होतं. ५७.

२२ नोव्हेंबर

पुन्हा खडीवर ब्रेक मारून आलो, मग मोजलं. ५७. नट कोरडे, निपलवर रबरी टोप्या बसवल्या, टाकी कमाल रेषेवर. झाकणाखाली तारखेची चिठ्ठी चिकटवली, ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. त्या वेळीही साध्या ब्लीडिंगच्या आधी स्कॅनरवरून पंप फिरवून घ्यायचा, म्हणजे कप्प्यांतलं जुनं ऑइलही निघेल. स्कॅनर परत दिला.